यादीतली दोरी

काल संध्याकाळी बाजाराच्या यादीत 'दोरी' लिहिलं आणि पेन थांबलं.

लग्नाचं पहिलं वर्ष, उंद्रीचं सासर. दिवेलागण झाली होती. चुलीसाठी गोवऱ्या काढायला मी परसातल्या ढिगाशी वाकले, तेव्हा मागून सासूबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात हात नको घालू, बाई. दोरी हाय तिथं."

"बरं झालं, पोहऱ्याला हवीच होती," म्हणत मी हात घातला. मी शहरात वाढलेली. दिवे लागल्यावर सापाला इथे दोरी म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

आत काहीतरी सरकलं. सासूबाईंचा आवाज तेवढाच शांत होता. "हालू नको. दोरी पाहून राह्यली तुह्याकडं."

मग वीतभर अंतरावरचा फणा दिसला. शेणाच्या वासात श्वास धरून मी तशीच वाकून राहिले. फणा खाली गेला, शेपूट भिंतीच्या भोकात शिरलं, तेव्हा कुठे हात बाहेर काढला.

"सरळ साप म्हणायचं ना," मी रडत म्हणाले.

"नाव घेतलं तं ते आयकते."

कित्येक वर्षं मला त्यांचा राग होता. आता वाटतं, त्या 'साप' म्हणून ओरडल्या असत्या, तर मी हात झटकला असता.

यादीतली दोरी खोडून मी 'सुंभ' लिहिलं. दिवे लागले होते.