डाव्या कानातला सिनेमा

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. सूनबाईंनी आधी गॅस बंद केला. थाप कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती. दाराला चांगली खणखणीत बेल असताना दार ठोठावणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच. बेल वाजली की नाही हे शेजारच्या काकांना कळत नसे. थाप मारली की निदान हाताला तरी कळतं, असं त्यांचं म्हणणं. आता कानात यंत्र आलं होतं, पण सवय कुठे जाते?

सूनबाईंनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. पण काका म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचे मित्र. त्यामुळे काकांच्या लेखी त्या अजून सूनबाईच, आणि विमा कंपनीतून निवृत्तीला टेकलेले, अर्धं डोकं पांढरं झालेले त्यांचे यजमान म्हणजे 'चिरंजीव'. हळूहळू सगळी इमारतच त्यांना तसं म्हणायला लागली होती.

"चिरंजीव उठलेत का?" काका चपला काढता काढता म्हणाले.

"उठलेत. जागे व्हायचेत."

"कर जागा. आज त्याला हरवायचंय."

संध्याकाळी चित्रपट मंडळाच्या सभागृहात वाद होता. एका थोर दिग्दर्शकाचे अलीकडचे सिनेमे त्यांच्या पहिल्या सिनेमांच्या तोडीचे आहेत का? आहेत, असं चिरंजीव सांगणार होते. नाहीत, असं काका. खरं तर हा वाद दोघांत जिन्यात, गच्चीत, पाण्याचा पंप दुरुस्त होईस्तोवर तळमजल्यावर, असा कित्येक वर्षं चालूच होता. मंडळाने त्याला फक्त खुर्च्या पुरवल्या होत्या.

काकांची उमेदीची वर्षं छापखान्यात गेली. यंत्राच्या खडखडाटात उभं राहून राहून उजवा कान पार गेला आणि डाव्याने कसाबसा तग धरला. त्यामुळे थिएटरात काकू नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसत आणि सिनेमा कानात सांगत. काकूंची कुजबुज तीन रांगांना पुरायची. पुढच्या रांगेतून कोणी 'श्श' केलं, की काकू ऐकवायच्या, "ह्यांनीही तिकीट काढलंय. तुम्ही डोळे मिटून बसा, तुम्हालाही गोष्ट कळेल!"

नावाड्याचा सिनेमा, घड्याळजीच्या मुलीचा सिनेमा, त्या दिग्दर्शकाचे सगळे पहिले सिनेमे काकांनी असे पाहिले. मग काकू गेल्या. लेकीने हट्टाने वडिलांच्या कानात यंत्र बसवलं. पुढचे सिनेमे काकांनी एकट्याने, यंत्र लावून पाहिले आणि एकेक करून निकालात काढले.

"माणसं बोलतच नाहीत रे," ते कुरकुरायचे. "भिंतीकडे बघत बसतात. भिंत बघायला मी तिकीट काढू? घरी चार आहेत."

"काका, त्याला संयम म्हणतात."

"संयम मी पाळतोय. त्यांनी जरा संवाद लिहावेत."

आणि मग त्यांचं हुकमाचं पान पडायचं. नावाड्याच्या सिनेमात शेवटी मुलगी घर सोडून निघते. होडी धक्क्याला लागलेली. बाप पाठमोरा. आता तो काय बोलणार, म्हणून सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि तो म्हणतो, "जा. पण ओला टॉवेल वाळत घालून जा."

"काय वाक्य आहे!" काका हमखास म्हणायचे. "काळीज फाटतंय आणि माणूस टॉवेलाचं बोलतोय. हे आता जमतं का त्यांना? दाखव एक वाक्य असं!"

 चिरंजीवांनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट ते शिताफीने झाकून ठेवत. सूनबाई मात्र ओळखून होत्या. वादात नावाडी आला, की यजमानांना एकदम तहान लागायची.

पण परवाच त्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत मंडळाने चिरंजीवांकडे आणून दिली होती.

"लाव तो," काका खुर्चीत बसत म्हणाले. "माझं सगळं भाषण त्या एका वाक्यावर उभं आहे. नेमकं कुठे येतं, कसं म्हणतो, सगळं बघून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको, म्हातारा पदरचं सांगतो."

चहा आला. सिनेमा लागला. सूनबाई निवडायच्या भाजीचं ताट घेऊन कोपऱ्यात बसल्या. काका सुरुवातीला खुशीत होते. "आता बघ हं, आता तो म्हणतो..." असं आधीच सांगत, आणि नावाडी ते म्हणतच नसे. एकदा झालं, दोनदा झालं. काकांनी यंत्राचा आवाज वाढवला. मग यंत्र काढून फुंकर मारून पुन्हा घातलं. चिरंजीव मात्र आता टक्क जागे होऊन पुढे सरकून बसले होते.

धक्का आला. होडी आली. मुलगी निघाली. बाप पाठमोरा उभा राहिला. पाणी हलत राहिलं. बराच वेळ तेवढंच चाललं.

"जा," नावाडी म्हणाला.

आणि होडी सुटली.

"पुढचं?" काकांनी विचारलं.

"पुढे काही नाही, काका." चिरंजीवांनी तोच प्रसंग पुन्हा लावला. पुन्हा पाणी, पुन्हा पाठ, पुन्हा 'जा'. "बघा, मी काय म्हणत होतो! हाच तो संयम. माणूस पहिल्यापासून असाच आहे. तुम्हीच उगाच..."

"कापलंय," काका म्हणाले. "नवी प्रत करताना कोणी तरी वाक्य कापलंय."

"अहो, वाक्य कसं कापतील? पाण्याचा आवाजसुद्धा सलग..."

सूनबाईंनी भाजीच्या ताटावरून यजमानांकडे फक्त एकदा पाहिलं. चिरंजीवांना एकदम तहान लागली. ते आत गेले.

काका पडद्यावरच्या होडीकडे बघत होते. यंत्राशी चाळा करणारा त्यांचा हात कानाशीच थांबला होता.

"सूनबाई, तू खोटं बोलायची नाहीस. संध्याकाळी मी चार माणसांत उभा राहणार. ते वाक्य सिनेमात आहे की नाही?"

सूनबाईंच्या घराची आणि काकांच्या घराची भिंत एकच. काकांची आंघोळ झाली, की रोज सकाळी पलीकडून काय ऐकू यायचं, हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हतं. काका छापखान्याला निघायचे, खिशात रुमाल, हातात डबा, आणि मागून काकूंचा आवाज. तीन रांगांना पुरणारा.

"सिनेमात नाही, काका," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडून मात्र मी ते रोज ऐकलंय."

काकांना कळायला वेळ लागला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सूनबाई घाबरून उठल्या. पाहतात तर काका हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते, आणि पुन्हा हसत होते.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्या दिग्दर्शकाला डोक्यावर घेऊन नाचलो! आणि ही बया शेजारी बसून पाकिटातले दाणे खात होती!"

"काकूंना गप्प राहवायचं नाही ना," सूनबाई म्हणाल्या. "पडद्यावरची माणसं गप्प झाली, की त्यांचा जीव वरखाली व्हायचा."

चिरंजीव पाण्याचा पेला घेऊन दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर कुठे ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं. "मग काका, संध्याकाळी? मंडळाला कळवू का, वाद नको म्हणून?"

"का? माझं मत तेच आहे. पहिले सिनेमे चांगले."

"आता कशावरून?"

"मी पाहिलेत. तू कुठे पाहिलेस?"

चिरंजीवांनी हातातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

काकांनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि डबी खटकन मिटली. मग ते खुर्चीत उजवीकडे सरकले. डाव्या बाजूला उगाचच जागा झाली. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात ते म्हणाले,

"सूनबाई, त्यांचा तो शेवटचा सिनेमा मला परत बघायचाय. शेजारी बसून सांगशील का?"