चार दशांश दाजी

बिरप्पा मूळचा मंगळवेढ्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं संपली आणि गडी सोलापुरात कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात शिपाई झाला. मेंढरं त्यानं जन्मात मोजली नव्हती. मोजली की कमी होतात, असं त्यांच्यात मानतात. सांजच्याला कळपावरून नुसती नजर फिरवायची, कोण आलं नाही ते लगेच कळतं.

विभागाचे प्राध्यापक देगावकर म्हणजे मोठं प्रस्थ. मालधक्क्यावर घातपात्यांनी बॉम्ब फोडला तेव्हा निम्मं शहर दवाखान्याकडं धावलं. हा गृहस्थ धावला फळ्याकडं. गर्दी किती, अंतर किती, दारू किती, एवढं सूत्रात घातलं की मेलेली माणसं आपसूक बाहेर! हिशोबाच्या यंत्राचं हँडल फिरवायला बिरप्पा होताच. उत्तर आलं सात पूर्णांक चार दशांश. दवाखान्याची यादी सातची. देगावकरांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला, घरात मुलगा झाल्यागत.

बिरप्पानं कप तसाच खाली ठेवला. त्याच्या बहिणीचा, फुलाबाईचा नवरा बाळासो त्याच धक्क्यावर हमाल. त्या दिवसापासून त्याचा पत्ता नव्हता. यादीत नाही, दवाखान्यात नाही, गावाकडंही नाही. फुलाबाई रोज एकच विचारायची, "दादा, कुकू लावू का पुसू?"

"सायेब," बिरप्पानं धीर केला, "ते चार दशांश कोन हाय?"

"कोणी नाही रे. अर्ध्याच्या आत आहे, सोडून द्यायचं."

"आमचं दाजी गावंनात की. धक्क्यावर एक पायताण तेवढं गावलं."

"एका माणसानं मॉडेल बदलत नाही, बिरप्पा. तक्ते गुंडाळ, पुण्याची गाडी चुकेल."

पुण्याच्या परिषदेत देगावकरांच्या सूत्राला टाळ्या पडल्या. बिरप्पा तक्ता धरून उभा होता. सभागृहात एवढी शिकलेली डोकी, पण घरी कोण आलं नाही हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. मेंढरामागचं शेंबडं पोरसुद्धा ते आधी विचारतं. बिरप्पाला त्या टाळ्यांची किळस आली.

तो परतला तेव्हा फुलाबाई दारातच उभी होती. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

"सायबाच्या हिशेबात दाजी पुरतं मेल्यालं न्हाईत," तो म्हणाला. "चार दशांश मेल्यात."

"म्हंजी किती?"

त्यानं दोन्ही पंजे पसरले आणि त्यातली चार बोटं मिटली. फुलाबाई उरलेल्या बोटांकडं बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुंकू लावलं. रोज रुपयाएवढं लावायची, त्या दिवशी मसुरीएवढं लावलं.