सव्वा मूठ गहू

दहा दिवस मौन पाळून, श्वास पाहत बसून मी भडगावला परतलो आणि स्टँडवर उतरताच रिक्षावाल्याशी भांडलो. तरीही बुद्धाची लहानशी मूर्ती पिशवीत सांभाळून आणली होती. ती घरी टीव्हीशेजारी ठेवली. मायने पाहिलं आणि टीव्हीच बंद केला.

श्रावणात कानबाई देवी घरी आली. आमच्याकडे रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्या पिठाचं रांधलेलं घराबाहेर जात नाही, शिळं झालं तरी घरच्यांनीच संपवायचं. माय सूप घेऊन बसली. आबांची मूठ घेतली, मग धुळ्याच्या मोठ्या भावाची, त्याच्या मुलाची. आणि हात थांबला.

"तुनं नाव धरू का सोडू?"

सगळं सोडून द्यायला शिकून आलेला मी, आणि मूठभर गव्हांसाठी रडकुंडीला आलो. मग आवाज चढवून समजावू लागलो, की मी कुठे गेलेलो नाही, कानबाई माझीही आहे, बुद्धाकडून मी फक्त रागावर ताबा ठेवायला शिकतोय.

"मंग राग कसाले करस?" माय म्हणाली.

आबा पेपराआड हसले. मी गप्प बसलो, या वेळी खरोखरचा. माझं तोंड बघून मायलाही हसू आलं. तिने माझी मूठ सुपात टाकली, वरची पाव मूठही नीट घातली. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटली. मग तिने पुन्हा मूठ भरली.

"ही कोणाची?"

"तुना बुद्धनी. घरमा बठेल शे. त्याले उपाशी ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी कानबाईला गिरणा नदीत निरोप दिला. भाऊ धुळ्याला गेला, आबांचे दात आधीच गेलेले. रोट मात्र उरले होते, आणि दर दिवशी जास्तच कडक होत होते. तिसऱ्या दिवशी मी ताट सरकवून पोट भरल्याचं जाहीर केलं. मायने एक रोट चुरला, त्यावर तूप सोडलं आणि ताट परत माझ्यापुढे ढकललं.

"तुनं झायं. आते तुना बुद्धनं खाय. तो काही बोलत नही, म्हणीसन त्यानं कमी करू नको."