किकचं सील

पालमच्या शिवकुमार मेकॅनिककडं कसलीही गाडी घेऊन जा, ती दुरुस्त होणार आणि वर चार शब्द ऐकायला मिळणार. "चेनला तेल कधी दावलं होतं? ही गाडी हाय का बैलगाडी?" असं गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायला तो कचरत नाही. पण बन्सीधरकाकांचं नाव निघालं की हाच माणूस लोण्यावाणी मऊ होतो. त्याला कारणही तसंच आहे.

छत्तीस वर्षांमागं त्याचं गॅरेज नवं होतं. चार महिने दारात कुत्रं फिरकलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात इंजिन देणार कोण? तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर बन्सीधर आपली टू-स्ट्रोक फटफटी घेऊन आले आणि म्हणाले, "शिवा, खोल इंजिन." शिवानं खोललं, तिसऱ्या दिवशी जोडून दिलं. मग काका ज्या गावाला गाई-म्हशींना सुई टोचायला जातील तिथं सांगत सुटले की इंजिनाचं काम पालमच्या शिवाकडंच न्या, पोराचा हात लय साफ हाय. गिऱ्हाईक सुरू झालं ते आजतागायत.

आता काकांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली. काकू गेल्यावर घराला कुलूप लावून ते लातूरला लेकीकडं, भक्तीकडं, कायमचे जाणार होते. पंधरा वर्षं गोठ्यात पडलेली फटफटी त्यांना सोबत न्यायची होती. भक्तीनं एकच अट घातली. पार्किंगला नवी फरशी बसवलीय, तेलाचा एक थेंब पडला तर गाडी भंगारात. काकांनी गाडी शिवकुमारकडं आणून टाकली, अटही सांगितली.

"तुमी बिनघोर ऱ्हावा, काका," शिवकुमार म्हणाला.

म्हणायला काय जातंय! दोन महिने खपून त्यानं सिलिंडरचं बोअर करून घेतलं, नवा पिस्टन घातला, टाकी रंगवली, चाकांच्या तारा बदलल्या. पहिल्या किकला गाडी सुरू झाली, निळा धूर निघाला, तेव्हा त्याला नाचावंसं वाटलं. पण सकाळी बघतो तर इंजिनाखाली तेल. टू-स्ट्रोकला पेट्रोलात घातलेलं तेल जळून धुरात जातं. हे गिअरचं तेल होतं आणि बुडातून टपकत होतं. त्यानं बुडाचं पॅकिंग बदललं. परत थेंब. जाड कागद घेऊन स्वतः पॅकिंग कापलं. परत थेंब. शनिवार उजाडला, आणि गाडी लातूरला न्यायला टेम्पो रविवारी यायचा होता. शिवकुमारनं पाना भिरकावून दिला.

बायको त्रिवेणी चहा घेऊन आली होती. तिनं पाना उचलून जागेवर ठेवला. "लोखंडावर कशाला राग काढायलाव? तुमच्यानं होईना तर महादेवाला सांगू की." आणि घरातून विभूती आणून, कपाळाला लावतात तशी तीन बोटं तिनं इंजिनावर ओढली.

"आता तेवढंच ऱ्हायलं होतं!" शिवकुमार खेकसला. तरी त्यानं इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालवून बंद केलं.

त्रिवेणी वाकून बघत होती. "अहो, खालच्या दोन रेघा कोरड्या हायत. वरची तेवढी भिजली."

वरच्या रेघेपाशी किकचा दांडा इंजिनात शिरतो. म्हणजे तेल निघत होतं तिथून आणि रात्रभरात ओघळून बुडाला येत होतं! दांड्याभोवतीचं रबरी सील एवढं एकच त्यानं बदललं नव्हतं. ते त्यानं छत्तीस वर्षांमागं स्वतःच्या हातानं बसवलं होतं. आपल्या हातच्या कामाला काय धाड भरलीय, असा तोरा. त्यानं सील उकरून काढलं आणि उजेडात धरलं. सील उलटं होतं. तेल अडवणारी कड आत पाहिजे, ती बाहेर.

रविवारी काका आले तेव्हा नवं सील बसवून झालं होतं. शिवकुमारनं मान खाली घालून विचारलं, "काका, ही पयल्यापासनं गळत होती?"

"गळत होती की. औषधाच्या बॅगेत तेलाची बाटलीच ठेवायचो."

"मग बोलले कामून न्हाई?"

"तुझं दुकान नवं होतं, शिवा. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं? तुझ्या दारात शहाबादी फरशी. तिच्यावर डाग पडला तर तुला कळंल म्हणून गाडी पलीकडं मातीत लावायचो."

या माणसाच्या तारिफीवर शिवकुमारचं घर उभं राहिलं, लेकरं शिकली, आणि तारीफ करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. त्यानं भर रस्त्यात काकांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला.

"ऊठ, येड्या. टेम्पो यायच्या आत चक्कर मारू दे."

काका गंगाखेडच्या रस्त्यानं गेले, अर्ध्या तासानं धूर सोडत आले आणि गाडी थेट दारातल्या फरशीवर लावली. टेम्पो येईपर्यंत ती तिथंच उभी होती. गाडी चढवल्यावर काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि फरशीवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

"छत्तीस वर्षं तुझ्यापायी लोकांशी खोटं बोललो, शिवा," ते म्हणाले. "आज ते खरं केलंस, बाबा. उपकार झाले."