मामांचा पाण्याचा ग्लास

थरथरणाऱ्या वस्तूंशी आमच्या मामेसासऱ्यांइतकं वैर दुसऱ्या कुणी धरलं नसेल. हे ठाऊक असूनही कळव्याच्या त्यांच्या गाळ्यात, लोखंड कातायच्या लेथच्या डोक्यावर ठेवलेलं ग्लासभर पाणी मी तहान लागली म्हणून गटागटा पिऊन टाकलं. नैवेद्यातला मोदक उचलल्यासारखं मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू, ते प्यायचं नव्हतं. बघायचं होतं.”

यंत्रांच्या आवाजात कान गेलेले, त्यामुळे मामांचा सगळा भरवसा हातांवर आणि डोळ्यांवर. आमच्याकडे आले की पाणी नंतर, आधी मिक्सरखाली वर्तमानपत्राची घडी सारतात. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीकडे पाठ करून मांडवाच्या खांबाला तळहात लावून उभे राहिले आणि कार्यकर्त्याला म्हणाले, “वरचा बोल्ट सैल आहे.” होताच!

त्या दिवशी मात्र गंमत नव्हती. दारात एक कोळी नाखवा उभा होता. त्याच्या होडीच्या गिअरबॉक्सचं कवच लेथवर चढलेलं, आणि त्यातल्या भोकाच्या आतल्या भिंतीत रिंग बसायला खाच पाडायची होती. आत कापणारं टूल थरथरलं की खाच खडबडीत, रिंग सैल, कवच भंगारात.

“मामा, दुसरा भेटनार नाय हां,” नाखवा तिसऱ्यांदा म्हणाला.

मामांनी ग्लास पुन्हा भरून ठेवला. “माझी नजर डायलवर. तुम्ही पाणी बघा. बारीक शहारा चालेल, वळ्या उठल्या की हात वर.”

टूल आत गेलं. पाणी शहारलं. मग कडेकडून एक वळी निघाली, तिच्यामागे दुसरी. मी हात असा वर केला की डोक्यावरचा दिवाच झुलायला लागला. मामांनी टूल मागे घेतलं, खाचेवरून नख फिरवलं. “वाचलो. दांडा फार बाहेर ठेवला मी. हात लांब ताणून लिहिलं तर अक्षर हलणारच. सवय मोडली माझी.”

टूलचा दांडा दोन बोटं मागे सारून आवळला, लेथचा वेग उतरवला, रुंद टूल काढून अरुंद लावलं. “एक मोठा घास नको, दोन लहान.”

पुन्हा सुरू. नाखव्याने डोळे मिटले, मला तीही सोय नव्हती. पाणी नुसतं शहारत राहिलं. शेवटी रिंग टक्कन बसली. मामांना तो आवाज आमच्या चेहऱ्यांवरून कळला.

घरी येऊन मी हा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. बायको भाजी निवडता निवडता थांबली.

“ते पाणी मामी बघायची,” ती म्हणाली. “ती गेल्यापासून मामाने आतल्या खाचेचं काम घेतलंच नव्हतं.”