आप्पांच्या व्हायोलिनची जुळी फळी

पुण्यातल्या पेठेतल्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याने माझ्या वडिलांना फसवलं. जोड उकलली म्हणून दिलेल्या व्हायोलिनची वरची फळी त्याने काढून स्वतःकडे ठेवली, तिच्या जागी दुसरीच बसवली आणि तसाच रंग मारून परत दिलं. हे कळायला मला आठ महिने लागले आणि कोल्हापूरपर्यंत जावं लागलं.

आमचे आप्पा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. दौंडला रेल्वेत गँगमन होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. दुरुस्तीहून आलेलं व्हायोलिन त्यांनी एकदाच छेडलं, "हे माझं नाही" म्हणाले आणि पेटी बंद केली. मी म्हटलं, कान गेले. डॉक्टर झाले, कानाचं मशीन आणलं. मी हातगाडीवर पातेली विकत दुकान उभं केलेली बाई, माणूस आणि माल मला बघताक्षणी कळतो अशी माझी समजूत. आप्पांनी मशीन मुकाट्याने घातलं, पण व्हायोलिनला हात लावला नाही. शेवटी एक दिवस म्हणाले, "गडमुडशिंगीच्या सुतारांना दाखव. त्यांनी बनवलंय. ते 'बरोबर आहे' म्हणाले तर मी बहिरा."

शुक्रवारी सकाळी निघाले. पुण्याहून कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरने पेटी वर टाकायला सांगितली. मी ती मांडीवर धरून बसले, तेव्हा म्हणाला, "मग तिचं बी तिकीट काढा." कराडपर्यंत आमचं जमलं नाही.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली. वाढणाऱ्याने विचारलं, "तिखट झेपंल न्हवं?" मी "हो" म्हटलं आणि डोळे पुसत संपवली. बाहेर रिक्षावाला गडमुडशिंगीला जायचं जे भाडं सांगत होता ते मी मान्य केलं नाही. बरीच ओढाताण झाली. निघताना आरशातून बघत म्हणाला, "मावशी, लग्नाच्या येळंला (वेळेला) बी एवढी घासाघीस केलीसा का?"

"तेव्हा केली नाही, म्हणून आता करते."

तो पुढे गावापर्यंत हसत होता. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच नवे बंगले.

सुतारांचं घर साधं, पुढे पत्र्याची शेड. आत सरस तापत होता, त्याचा वास आणि पायाखाली भुसा. आनंदा सुतार साठीचे, बैठक मारून रंधा मारत होते. त्यांची मुलगी सारिका शेजारी फळी कोरत होती. तिच्या पणजोबांनी एका नाटक मंडळीचं मोडकं व्हायोलिन उघडून बघितलं, परत जोडलं आणि तेव्हापासून घराने दुसरं काही केलं नाही. सारिका चौथी पिढी.

"या पावणं (पाहुणे), कुठनं आलासा?" आनंदांनी विचारलं.

मी पेटी उघडली. सारिकाने व्हायोलिनच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग उलटं करून पोटावर, म्हणजे वरच्या फळीवर. "बा, ऐक." आनंदांनी रंधा थांबवला. तिने पुन्हा वाजवलं.

"पाठ आमची हाय," ते म्हणाले. "वरची फळी न्हाय (नाही)."

सारिकाने एक छोटा आरसा भोकातून आत घातला, बॅटरी लावली आणि मला बघायला दिलं. पाठीवर आतून डागलेली चंद्रकोर, त्यांच्या घरची खूण. वरच्या फळीच्या आतल्या बाजूला कोरं लाकूड.

मी पाणी मागितलं.

"दुरुस्तीत लई पाडलासा (दर फार कमी केलात) जणू त्याला?" आनंदा म्हणाले.

"पाडला. परवडत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं त्याने."

ते उठले. आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतभर खिळे, प्रत्येक खिळ्याला कंबर असलेली एकेक फळी. हे घर एका लाकडातून शेजारी-शेजारी दोन फळ्या कापतं. एक व्हायोलिनला जाते, दुसरी गिऱ्हाइकाचं नाव लिहून भिंतीवर राहते. पहिली फुटली की ही जुळी बसवायची. सारिकाने वरच्या ओळीतली एक काढून फुंकर मारली. निळ्या पेन्सिलीने आप्पांचं नाव, खाली 'दौंड'.

"बसवा," मी म्हटलं.

"जुनी कुठाय?"

"ती त्या चोराकडे."

"मग न्हाय जमायचं. फुटकी आणायची, जुळी न्यायची. आज्ज्यापासनं असंच हाय. फुटकी बघूनच आमच्यातला फुडचा (पुढचा) शिकतोय."

मी दुप्पट देऊ केले. मान हलली. तिप्पट म्हटल्यावर ते परत रंध्याकडे वळले. मग माझा आवाज चढला. माझा बाप आठ महिने गप्प बसलाय आणि तुम्ही लाकूड टांगून त्याची राखण करता, वगैरे. आनंदांनी सगळं ऐकून घेतलं. "आवाज खणखणीत हाय तुमचा," ते म्हणाले. "फळी तुम्हांलाच बसवू का?"

सारिका तोंड फिरवून हसली. मलाही हसू आलं आणि डोकं चालायला लागलं.

"ही खोटी टांगा," मी म्हटलं. "आप्पांच्या खिळ्याला. वर त्या दुरुस्तीवाल्याचं नाव आणि पत्ता लिहा. खरी आणली की ती टांगा, ही काढा."

आनंदांनी दाढी खाजवली.

"बा, टांगू की," सारिका म्हणाली. "कसं करू न्हाय, ते बी शिकाय पायजे."

सौदा झाला. मजुरीत घासाघीस मी केलीच, तारांचा एक संच वर घेतला.

सरस वाळायला तीन दिवस. एक दिवस रिक्षावाला जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेला. मी देवाला जात नाही, वाऱ्याला गेले. पायरीवर विसावले आणि उठले तेव्हा पाठीमागून सगळी गुलाबी. नारळवाला म्हणाला, "मावशी, गुलाल फुकट हाय, त्यावर तरी भांडू नगासा." दुपारी सारिकाच्या आईने पांढरा रस्सा वाढला आणि तिसऱ्या वाटीनंतरही माझ्या हातातली वाटी मोकळी राहू दिली नाही.

सोमवारी फळी पक्की बसली. सारिकाने गज फिरवला. मला सुरातलं काही कळत नाही, पण रंधा थांबला होता.

दौंडला आले तेव्हा आप्पा ओसरीवर होते. मी पेटी पुढे ठेवली. त्यांनी एक तार छेडली, व्हायोलिन छातीशी लावलं आणि पूर्ण एक गाणं वाजवलं. मग कानातलं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. "आता हळू बोललीस तरी चालेल," म्हणाले. "तसं आधीही चालत होतं."

दुरुस्तीवाल्या, तुझं नाव मी इथे लिहीत नाही. ते गडमुडशिंगीला खिळ्याला टांगलंय आणि व्हायोलिन घ्यायला येणारा प्रत्येक जण ते वाचतो. माझ्या वडिलांची फळी आज कोणाच्या व्हायोलिनवर आहे, ते सांग. ज्याला दिलीस त्याला ती कोणाची म्हणून दिलीस, तेही सांग. आणि ज्यांना नीट ऐकू येत होतं त्या माझ्या बापाच्या कानाशी मी आठ महिने ओरडत होते, त्याचा जबाब तू कसा देणार आहेस? मी तुझ्या दुकानात येते आहे. उत्तर तयार ठेव.