कोयत्यातली दोन माणसं

दुष्काळाच्या त्या वर्षी वडवणीजवळच्या वस्तीवर ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध लवकरच सुरू झाली. गुरुवारी ट्रक येणार होता. आणि सोमवारी सकाळी भिवराबाईला सत्यभामा कोरड्या विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेली दिसली. दंडाला धरून मागं ओढली, तर म्हणते कशी, "वारा खात बसलेते, आक्का."

वारा म्हणे! भिवराबाई वस्तीची आशाताई, घरोघरचं दुखणंखुपणं बघणारी. तिला काय एवढंही कळत नव्हतं? आता सहा महिने ही बाई परमुलखात राहणार. तिथंही विहिरी असतात, आणि त्यांना पाणी असतं.

मनाच्या आजारांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण तिनं नुकतंच बीडला घेतलं होतं. शिकवणारे तीन आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. पहिले डॉक्टर म्हणाले, वाईट विचार पकडा आणि त्याला पुरावा मागा. दुसरे म्हणाले, विचारांच्या नादी लागूच नका. माणसाला छोटं काम लावून द्या, हात चालले की मन मागून येतं. शेवटच्या दिवशीच्या मॅडम म्हणाल्या, काहीच करू नका, फक्त ऐका.

भिवराबाईनं सोमवारीच सत्यभामेच्या घरी जाऊन पहिला उपाय काढला.

"मी काय कामाची न्हाई," सत्यभामा म्हणाली.

"पुरावा काय त्याला?"

तिनं तोंड उघडायच्या आत नवरा गहिनीनाथ बोलला, "कामाची न्हाई कशी? दिवसाला टनभर ऊस तोडती ती!"

मंगळवारी दुसरा उपाय. पण पहाटे टँकरच्या रांगेपासून राबणाऱ्या बाईला आणखी कसलं काम लावणार? भिवराबाईला स्वतःचीच लाज वाटली. बुधवारी भिवराबाई तिसऱ्या उपायानं नुसती ऐकायला बसली, तर तेवढा वेळ गहिनीनाथच ट्रकचं, ताडपत्रीचं, बैलांचं पुराण लावून बसला.

तेवढ्यात मुकादम आसाराम दारात आला. टोळीतली नावं पक्की करत म्हणाला, "गहिनीनाथ, एक कोयता. उद्या तयार ऱ्हा." आणि पुढच्या घराकडं वळला.

नवराबायको मिळून एक कोयता. टोळीत मोजायची रीतच ती. भिवराबाई मात्र चपापली. तीन दिवस तीही तेच करत होती. दोघांना शेजारी बसवायचं आणि एकच माणूस धरायचं.

"गहिनीनाथ, रांगेत माझा हंडा लाव जा."

"आत्ता?"

"आत्ता!"

तो गेला. भिवराबाई सत्यभामेजवळ सरकून बसली.

"आक्का," सत्यभामा खाली बघत म्हणाली, "गेल्या साली उसाच्या फडातच पोरगी झालती. चार दिसात गेली. ह्यांनी उचलून नेली, पुरली. कुटं, ते मला न्हाई माहीत. यंदा तोच साखर कारखाना, तेच शिवार. मी कोयता चालवीन, अन् ती खाली आसंल तर?"

भिवराबाईला रडू फुटलं. पुरावा, काम, सगळं विसरून ती तिचा हात धरून बसली.

गहिनीनाथ हंडा घेऊन परतला, तेव्हा भिवराबाई सत्यभामेला म्हणाली, "आता तूच ईचार. मी मधी बोलणार न्हाई."

"कुटं ठिवली तिला?" सत्यभामेनं नवऱ्याला विचारलं.

गहिनीनाथनं हंडा खाली ठेवला.

"फडात न्हाई. बांधावर, बाभळीच्या बुडाला. तितं नांगर येत न्हाई. दगड लावलाय. टोळी हलंपर्यंत रोज सांजच्याला जाऊन यायचो."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तिचं नाव काढलं तर तू मरशील वाटलं."

सत्यभामा हुंदके देऊन रडली, आणि तोही तिच्याशेजारी मटकन बसला.

गुरुवारी ट्रक आला. गहिनीनाथकडून भिवराबाईनं दोन वचनं घेतली: सत्यभामेला एकटं सोडायचं नाही आणि आपल्याला रोज फोन करायचा. तरी भिवराबाईचा जीव टांगलेलाच होता.

"गहिनीनाथ, एक कोयता!" आसाराम ओरडला.

सत्यभामेनं बोचक्यातून तान्ह्या पोरीची लहानशी कुंची काढली आणि छातीशी धरली.

"मुकादम," ती म्हणाली, "उतरल्यावर आमी दोघं आदी बांधावर जाणार. मग कोयता."